शाळेत काम करताना दुखापत झाली तर: कॅलिफोर्नियातील स्कूल डिस्ट्रिक्टच्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी

ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याच्या आदल्या दिवसांत प्राथमिक शाळेच्या वर्गात डोकावले, तर कोणी ना कोणी खुर्चीवर चढून भिंतीवरच्या फलकाला रंगीत कागद लावताना हमखास दिसते. शिडी कस्टोडियनच्या, म्हणजे शाळेची सफाई-देखभाल पाहणाऱ्याच्या, खोलीत असते, ती मागायला जायचे तर दहा मिनिटे मोडतात, आणि खुर्ची हाताशी असते. मीही अशीच एकदा चाकांच्या खुर्चीवर चढले होते. उजव्या हातावर पडले, उठले, धावत आलेल्या शिक्षिकेला 'आय ॲम ओके' म्हणाले, घरी येऊन मनगटाला आंबेहळद लावली आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे कामावर हजर झाले. त्या तीन शब्दांपायी आणि त्या आंबेहळदीपायी मला पुढे आठ महिने जे हेलपाटे घालावे लागले, ते इतरांना घालावे लागू नयेत म्हणून हा लेख लिहीत आहे.

कॅलिफोर्नियात आलेल्या मराठी मंडळींपैकी अनेक जणी बदली शिक्षिका, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या मदतनीस, दुपारच्या सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवणाऱ्या पर्यवेक्षिका किंवा कॅफेटेरियातील कर्मचारी म्हणून स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये नोकरीला लागतात. येथे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. ती स्वतःचे निवडून आलेले मंडळ आणि स्वतःचा सुपरिंटेंडंट असलेली स्वतंत्र संस्था असते आणि तीच तुमची मालक असते. खाली दिलेले नियम कॅलिफोर्नियाचे आहेत; अमेरिकेतील प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्यामुळे टेक्सास किंवा न्यू जर्सीतील वाचकांनी यातील मुदती आणि रकमा आपल्याला लागू होतात असे समजू नये.

ही व्यवस्था नेमकी काय आहे

वर्कर्स कॉम्पेन्सेशन, किंवा बोलताना सगळे म्हणतात तसे 'वर्कर्स कॉम्प', ही चूक कोणाची होती हे न विचारणारी व्यवस्था आहे. कॅलिफोर्नियात ती १९११ साली ऐच्छिक स्वरूपात आली आणि १९१३ च्या कायद्याने मालकांवर बंधनकारक झाली. त्यातला व्यवहार साधा आहे: कामामुळे दुखापत झाली की मालकाने उपचारांचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा ठरावीक भाग द्यायचा, आणि त्या बदल्यात कर्मचाऱ्याने मालकावर सहसा दावा लावायचा नाही. त्यामुळे 'खुर्चीवर चढणे ही माझीच चूक होती, मग मी कशी मागू?' हा आपल्याकडचा संकोच येथे गैरलागू आहे. भारतातील १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा याच कुळातला होता, परंतु शाळेत शिकवणाऱ्या बाईंशी त्याचा संबंध येतो हे आपल्यापैकी फारसे कोणी पाहिलेले नसते, म्हणून येथेही ते चटकन डोक्यात येत नाही.

अर्धवेळ आणि बदली कर्मचाऱ्यांनाही हे संरक्षण पहिल्या दिवसापासून मिळते. व्हिसा कोणता आहे यावर ते अवलंबून नाही. एच-४ वर काम करण्याचा परवाना असलेल्या मैत्रिणी 'माझ्या स्टेटसवर परिणाम होईल का' असे विचारतात, तर राज्याच्या कामगार कायद्याचे संरक्षण इमिग्रेशनच्या स्थितीकडे न पाहता मिळते असे कायद्यातच स्पष्ट म्हटले आहे. वर्गात मदतीला जाणाऱ्या पालक स्वयंसेवकांची गोष्ट मात्र निराळी आहे. डिस्ट्रिक्टच्या मंडळाने तसा ठराव केला असेल, तरच स्वयंसेवक या कायद्यापुरते कर्मचारी मानले जातात. असा ठराव आहे का, हे कार्यालयात आधीच विचारून ठेवावे.

घरून शाळेत येताना किंवा परत जाताना झालेला अपघात बहुधा यात बसत नाही. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत कामासाठी जाताना किंवा सहलीवर मुलांबरोबर असताना झालेला बसतो. सुट्टीच्या दिवशी हौसेने खेळलेल्या व्हॉलीबॉलमध्ये पाय मुरगळला, तर मागणी टिकणे कठीण. दुखापत एका क्षणातच व्हायला हवी असेही नाही. चालता न येणाऱ्या मुलाला रोज चार वेळा खुर्चीतून उचलून जी कंबर वर्षभरात गेली, तीही कामावरचीच दुखापत असते.

पहिला दिवस

पडल्यावर, मूल चावल्यावर, पाठीत उसण भरल्यावर सर्वांत आधी वरिष्ठांना सांगावे आणि त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल करावा. कायदा ३० दिवसांची मुदत देतो, पण ती मुदत म्हणजे वाट पाहण्याची परवानगी नव्हे. ईमेलमध्ये तारीख, वेळ, ठिकाण, काय करत होता, कसे पडलात आणि कोणी पाहिले एवढेच असावे, रागलोभ नको. जागेचे छायाचित्र घ्यावे. कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांनी पुसले जात असेल, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंतीही त्याच ईमेलमध्ये करावी.

'आय ॲम ओके' म्हणू नये. आपण ते सौजन्याने म्हणतो, समोरच्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून. पण माझ्या बाबतीत ते वाक्य शाळेच्या अपघात नोंदीत जसेच्या तसे उतरले आणि तीन आठवड्यांनी मनगटाचे दुखणे वाढले तेव्हा ॲडजस्टरने, म्हणजे दावा हाताळणाऱ्या कंपनीच्या माणसाने, पहिला प्रश्न त्याच वाक्यावरून विचारला. 'मी पडले आहे, कितपत लागले आहे हे डॉक्टर सांगतील' हे उत्तर तितकेच सौजन्याचे आणि अधिक खरे आहे.

दुसरी चूक त्याहून महागाची असते. अर्जंट केअरच्या खिडकीवर नवऱ्याच्या कंपनीचे आरोग्य विम्याचे कार्ड पुढे करायचे आणि तीस-चाळीस डॉलर भरून मोकळे व्हायचे, हा मार्ग सोपा दिसतो. कामावरची दुखापत ही खासगी आरोग्य विम्याची जबाबदारी नसल्याने ती कंपनी पैसे नाकारू शकते किंवा नंतर परत मागू शकते, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे डॉक्टरांच्या पहिल्या नोंदीत कामाचा उल्लेखच येत नाही. खिडकीवर पोहोचताच 'ही कामावरची दुखापत आहे' असे सांगावे. जीवावरचे संकट असेल तर अर्थातच आधी जवळची इमर्जन्सी गाठावी. हे सांगणे नंतरही होते.

क्लेम फॉर्म: डीडब्ल्यूसी-१

तोंडी सांगणे म्हणजे मागणी दाखल करणे नव्हे. दुखापतीची माहिती मिळाल्यापासून कामाच्या एका दिवसाच्या आत डिस्ट्रिक्टने तुम्हाला डीडब्ल्यूसी-१ हा फॉर्म द्यायचा असतो. तो दिला नाही, तर राज्याच्या वर्कर्स कॉम्पेन्सेशन विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा, वरचा कर्मचाऱ्याचा भाग भरून सही करावी आणि पोचपावतीसह द्यावा. टपालाने पाठवायचा असेल तर सर्टिफाइड मेलने पाठवावा. फॉर्म मराठीत मिळत नाही, पण तो एका पानात मावणारा आहे आणि त्यातील एकच रकाना खरोखर विचार करून भरण्याचा आहे.

तो रकाना म्हणजे दुखापतीचे वर्णन आणि शरीराचे बाधित भाग. मी तेथे फक्त 'उजवे मनगट' लिहिले होते, कारण त्या दिवशी तेच दुखत होते. गुडघा नंतर बोलू लागला. शरीराचा भाग नंतर वाढवता येतो, परंतु तो का वाढला याचे उत्तर मग डॉक्टरांच्या अहवालातून द्यावे लागते आणि त्यात महिने जातात. म्हणून भरण्यापूर्वी शांतपणे बसावे, डोक्यापासून पायापर्यंत एकेक सांधा हलवून पाहावा आणि जेथे जेथे थोडीही तक्रार आहे तो प्रत्येक भाग, डावा की उजवा यासह, लिहावा. जे दुखत नाही ते मात्र कदापि लिहू नये. खोटी मागणी हा येथे गंभीर फौजदारी गुन्हा आहे आणि ती सूचना फॉर्मवरच छापलेली असते.

फॉर्म दिल्याबरोबर दोन घड्याळे सुरू होतात. मागणी मान्य होण्याची वाट न पाहता कामाच्या एका दिवसात उपचारांना मंजुरी द्यायची असते, आणि निर्णय होईपर्यंत त्यावर १०,००० डॉलरपर्यंत खर्च करणे मालकाला बंधनकारक असते. तसेच फॉर्म दाखल झाल्यापासून ९० दिवसांत मागणी नाकारली गेली नाही, तर दुखापत कामावरची आहे असे कायदा गृहीत धरतो. म्हणूनच फॉर्म कोणत्या तारखेला दिला याचा पुरावा सोन्यासारखा जपावा. मधल्या काळात 'निर्णय लांबणीवर टाकत आहोत' असे पत्र येऊ शकते. ते नकाराचे पत्र नसते, त्यामुळे घाबरू नये.

येथून पुढे तुमचा संबंध मुख्याध्यापकांशी कमी आणि ॲडजस्टरशी अधिक येतो. बरीच डिस्ट्रिक्ट एकत्र येऊन सामायिक निधी उभारतात आणि दाव्यांचे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवतात. त्यामुळे अनोळखी नावाच्या कंपनीचे पाकीट आले म्हणून ते जाहिरातींच्या ढिगात टाकू नये.

डॉक्टरांपुढे

पहिली भेट बहुधा डिस्ट्रिक्ट सांगेल त्या दवाखान्यात होते. डिस्ट्रिक्टचे डॉक्टरांचे जाळे असेल, तर पहिल्या भेटीनंतर त्या जाळ्यातला दुसरा डॉक्टर निवडण्याचा तुम्हाला हक्क आहे. स्वतःच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच जायचे असेल, तर दुखापत होण्यापूर्वीच, त्यांच्या संमतीने आणि लेखी, त्यांचे नाव देऊन ठेवावे लागते. त्यासाठी तुमचा इतर आजारांसाठीचा आरोग्य विमाही असावा लागतो. नोकरीला लागताना मिळालेल्या कागदांच्या गठ्ठ्यात याचा फॉर्म असतो आणि तो बहुतेकांच्या गठ्ठ्यात कोराच राहतो.

आता भाषेविषयी, कारण आपल्या लोकांचे नुकसान मला येथे सर्वाधिक होताना दिसते. डॉक्टर ० ते १० च्या मोजपट्टीवर वेदना विचारतात. आपण 'थोडेसे दुखते आहे' म्हणतो, नोंदीत दोन लिहिले जाते, आणि दोनचे दुखणे असलेल्या माणसाला एमआरआय कशासाठी हवा, असा प्रश्न पुढे कोणीतरी कागदावर बघून विचारते. शिवाय मराठीत दुखण्याला जितके शब्द आहेत तितके आपण इंग्रजीत वापरत नाही. ठणकते, कळ येते, चमक निघते, सल राहतो, मुंग्या येतात, बधिर होते, अवघडते, या सगळ्यांचे आपण 'पेन' करून टाकतो. डॉक्टरांच्या दृष्टीने हे शब्द वेगवेगळ्या ठिकाणी बोट दाखवतात: मनगटापासून करंगळीपर्यंत मुंग्या येत असतील तर ते मज्जातंतूचे लक्षण असू शकते, आणि नुसता ठणका असेल तर तपासणीची दिशा वेगळी होते. मी तीन भेटींत 'पेन' म्हणाले. चौथ्या भेटीत दुभाषी बाईंपुढे सहज 'रात्री हात बधिर होतो, झटकावा लागतो' असे बोलून गेले आणि त्याच दिवशी मज्जातंतूंची चाचणी लिहून मिळाली.

इंग्रजीत नीट सांगता येत नसेल, तर उपचारांच्या भेटीसाठी दुभाषी मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्याचा खर्च तुमच्यावर पडत नाही. भेट ठरवतानाच मागावा, आणि 'मराठी' असे स्पष्ट सांगावे, अन्यथा हिंदी दुभाषी समोर येण्याची शक्यता असते. चौदा वर्षांच्या मुलाला दुभाषी म्हणून नेऊ नये. त्याला 'चमक' म्हणजे काय ते ठाऊक नसते, आणि आईची दुखणी त्याने भाषांतरित करावीत हे योग्यही नाही.

प्रत्येक भेटीत दुखापत कशी झाली हे एकाच प्रकारे सांगावे. पहिल्या दिवशीच्या ईमेलची प्रत त्यासाठीच जवळ असावी. दवाखान्यात जाण्यायेण्याचे मैल लिहून ठेवावेत, त्याची भरपाई मिळते; २०२५ मध्ये तो दर मैलाला ७० सेंट होता.

निर्बंध, पगार आणि रजा

डॉक्टर 'दहा पौंडांहून अधिक उचलू नये' असे निर्बंध लिहून देतात आणि डिस्ट्रिक्ट त्यात बसणारे काम देऊ पाहते. तो कागद खिशात ठेवावा. वर्गात हात कमी असले की 'आजच्या दिवस जरा धर' असे कोणीतरी म्हणतेच. त्या वेळी कागद दाखवणे हा उद्धटपणा नव्हे.

काम पूर्ण बंद झाले किंवा निर्बंधात बसणारे काम डिस्ट्रिक्टकडे नसले, तर तात्पुरत्या अक्षमतेचे पैसे मिळतात. ते साधारणपणे आठवड्याच्या सरासरी कमाईच्या दोन तृतीयांश असतात. ताशी २४ डॉलरने आठवड्याला ३० तास काम करणाऱ्या मदतनिसाची कमाई ७२० डॉलर धरली, तर तिला ४८० डॉलर मिळतील. २०२५ मधील दुखापतींसाठी याची कमाल मर्यादा आठवड्याला १,६८०.२९ डॉलर आणि किमान २५२.०३ डॉलर आहे. पहिल्या तीन दिवसांचे पैसे धरले जात नाहीत. रुग्णालयात दाखल व्हावे लागले किंवा काम १४ दिवसांहून अधिक बंद राहिले तर तेही मिळतात. या रकमेवर प्राप्तिकर नाही. दुखापतीपासून ५ वर्षांच्या आत एकूण १०४ आठवडे ही सर्वसाधारण मर्यादा आहे. खासगी कंपनीत काम करणारा नवरा 'राज्याच्या डिसॅबिलिटी विम्यातून घे' असे सुचवेल, पण शाळांचे बहुतेक कर्मचारी त्या विम्यात नसतात. पगाराच्या चिठ्ठीत त्याची कपात दिसत नसेल, तर तो मार्ग तुमच्यासाठी बंद आहे.

शाळेच्या कर्मचाऱ्यांना मात्र खासगी नोकरीत सहसा नसलेली एक गोष्ट राज्याच्या शिक्षण संहितेने दिली आहे: औद्योगिक अपघात रजा. परवानाधारक शिक्षकांना एका अपघातासाठी एका आर्थिक वर्षात किमान ६० दिवस आणि क्लासिफाइड, म्हणजे मदतनीस, कार्यालय, स्वयंपाकघर, बस यांतल्या कर्मचाऱ्यांना कामाचे ६० दिवस ही रजा मिळते. ती पहिल्याच दिवसापासून सुरू होते आणि तुमची आजारपणाची रजा तिच्यात कापली जात नाही. या काळात अक्षमतेचा धनादेश डिस्ट्रिक्टच्या नावे करून द्यायचा असतो आणि डिस्ट्रिक्ट नेहमीच्या कपाती करून पूर्ण पगार देते. दिवस शाळेचे किंवा तुमच्या कामाचे मोजले जातात, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी त्यात खर्ची पडत नाही. आणि मे महिन्यातील दुखापतीची रजा ३० जूनला आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुरी वापरली गेली नाही, तर त्याच दुखापतीसाठी उरलेले दिवस पुढील वर्षात घेता येतात. क्लासिफाइड कर्मचाऱ्यांसाठी डिस्ट्रिक्टला जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंतच्या सलग सेवेची अट घालता येते, म्हणून नव्याने लागलेल्यांनी युनियनचा करार उघडून पाहावा. रोजंदारीवरच्या बदली शिक्षकांनीही ही रजा गृहीत धरू नये.

याच कलमांत एक वाक्य आहे, ज्याकडे आपल्या लोकांचे हमखास दुर्लक्ष होते: या रजेचे लाभ घेत असताना, मंडळाने परवानगी दिल्याशिवाय, कर्मचाऱ्याने कॅलिफोर्निया राज्याबाहेर जायचे नसते. 'नाहीतरी घरीच बसले आहे, तर महिनाभर पुण्याला आईकडे जाऊन येते, तिथे वैद्यांनाही दाखवते' हा विचार कितीही स्वाभाविक वाटला तरी तो लेखी परवानगीशिवाय अमलात आणू नये. शिवाय तिकडच्या उपचारांचा खर्च जाळ्याबाहेरचा म्हणून बहुधा तुमच्याच गळ्यात पडेल.

६० दिवस संपल्यावर आजारपणाची रजा अक्षमतेच्या पैशांबरोबर अशा बेताने वापरली जाते की दोन्ही मिळून पूर्ण पगाराहून अधिक होऊ नयेत. सगळी रजा संपूनही कामावर येणे शक्य नसेल, तर क्लासिफाइड आणि कायम शिक्षकांचे नाव ३९ महिने, आणि परिविक्षाधीन शिक्षकांचे २४ महिने, पुनर्नियुक्तीच्या यादीत ठेवले जाते.

नकार आला तर

उपचाराचा नकार आणि संपूर्ण मागणीचा नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे रस्तेही वेगळे आहेत. डॉक्टरांनी मागितलेली शस्त्रक्रिया किंवा चाचणी मालकाच्या बाजूने होणाऱ्या वैद्यकीय परीक्षणात नाकारली गेली, तर त्या पत्रासोबतच स्वतंत्र वैद्यकीय फेरतपासणीचा अर्ज येतो. त्यावर सही करून ३० दिवसांत पाठवावा लागतो. त्याचे शुल्क तुम्ही भरायचे नसते. फिजिओथेरपीला मात्र एका दुखापतीसाठी साधारण २४ भेटींची कायदेशीर मर्यादा आहे, शस्त्रक्रियेनंतरच्या भेटी वगळून, तेव्हा त्या जपून वापराव्यात.

मागणीच नाकारली गेली किंवा डॉक्टरांच्या निष्कर्षावर वाद झाला, तर राज्याने पात्र ठरवलेल्या तीन वैद्यकीय परीक्षकांची यादी मिळते आणि त्यातून एक निवडायचा असतो. वकील नसेल तर यादी मागवण्याचा फॉर्म हाती आल्यापासून १० दिवसांत तो तुम्ही पाठवावा, म्हणजे कोणत्या शाखेचा डॉक्टर असावा हे तुम्ही ठरवाल. उशीर झाला तर ते ॲडजस्टर ठरवेल. हाताच्या दुखण्याला हाताचा तज्ज्ञ असावा एवढे कळायला कायद्याचे ज्ञान लागत नाही.

राज्याच्या वर्कर्स कॉम्प अपील मंडळाकडे प्रकरण नेण्याची मुदत साधारणपणे दुखापतीपासून १ वर्षाची असते. राज्याच्या माहिती व साहाय्य विभागाचे अधिकारी मोफत मार्गदर्शन करतात. त्यांचा क्रमांक १-८००-७३६-७४०१. वकील आगाऊ पैसे घेत नाहीत. त्यांचा वाटा न्यायाधीश मंजूर करतात आणि तो बहुधा भरपाईच्या १५ टक्क्यांच्या आसपास असतो. मागणी केली म्हणून कामावरून काढणे किंवा त्रास देणे बेकायदा आहे.

प्रकरण मिटवताना

प्रकृती जितकी सुधारायची तितकी सुधारली असे डॉक्टरांनी लिहिले की कायमच्या अक्षमतेचे टक्के ठरतात. मग तडजोडीचे दोन मार्ग पुढे येतात. एकात ठरलेली रक्कम आठवड्याच्या हप्त्यांनी मिळते आणि त्या दुखापतीचे पुढील उपचार खुले राहतात. दुसऱ्यात एकरकमी मोठी रक्कम मिळते आणि उपचारांची जबाबदारी कायमची तुमच्यावर येते. दोन्हींना न्यायाधीशांची मंजुरी लागते. जुन्या कामावर परतणे शक्य नसेल आणि डिस्ट्रिक्ट योग्य ते दुसरे काम देत नसेल, तर पुनर्प्रशिक्षणासाठी ६,००० डॉलरचे व्हाउचर मिळू शकते.

मला एकरकमी आकडा सांगितला गेला तेव्हा मी तो मनातल्या मनात रुपयांत करून पाहिला आणि काही क्षण तो फार मोठा वाटला. नंतर मनगटाच्या शस्त्रक्रियेचा येथील खर्च डॉलरमध्येच मांडून पाहिला आणि पहिला मार्ग घेतला. उपचार खुले आहेत. गेल्या हिवाळ्यात हात पुन्हा बधिर होऊ लागला तेव्हा त्याच क्लेम नंबरवर भेट मिळाली.